साफ केलेलं कपाळ

पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी आम्हा सोलापूरच्या फोटोग्राफरांना एसी हॉलमध्ये शिबिराला बसवून सांगितलं की कॅमेरा हा स्वतःकडे जायचा रस्ता आहे, आणि माझं डोकंच फिरलं. बाहेर एप्रिलचं ऊन रस्ते भाजत होतं. आत हे पांढरा कुडता घालून म्हणत होते, डोळे मिटा आणि तुमच्या आतला फोटो बघा. माझ्या शेजारच्या दोघांनी खरोखर डोळे मिटले. त्यातला एक पाचव्या मिनिटाला घोरायला लागला, त्याला मात्र काहीतरी सापडलं असावं.

मी हात वर केला. म्हटलं, "सर, मी रोज पासपोर्ट फोटो काढते. कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत, मागचा पडदा पांढरा. ह्यात मी स्वतःला नेमकं कुठं शोधू?"

लोक हसले. तेही हसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्यात खूप राग आहे. तो तुमच्या फोटोतही उतरत असणार."

"असणारच," मी म्हटलं. "आमच्याकडं नळाला चार दिवसांआड पाणी येतं. इथं राग सगळ्यांतच आहे." पुन्हा हशा झाला. आपण बाजी मारली असं समजून मी घरी आले आणि दोन दिवस भेटेल त्याला हा किस्सा सांगत सुटले.

पुढं जे झालं ते कळायला माझं काम काय ते आधी सांगायला हवं. माझा स्टुडिओ आहे, बावीस वर्षं झाली. लग्नं, बारशी, पासपोर्ट हे सगळं आहेच. पण बारा महिने न थांबणारं काम म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो. माणूस जातो आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं की हार घालायला त्याचा एकही धड फोटो नाही. मग कुणाच्या तरी साखरपुड्यातला, मागच्या रांगेतला, अर्धा चेहरा दिसणारा फोटो मोबाइलवर घेऊन येतात. "ह्यातले आमचे वडील तेवढे काढून द्या." मी काढून देते. अंगात कोट घालते, मागं निळं आकाश लावते. डोळे मिटलेले असतील तर उघडूनही देते.

आणि मग चेहरा साफ करते. हा आमच्या धंद्यातला शब्द. सुरकुत्या, वांग, चामखीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं कॉम्प्युटरवरच्या ब्रशनं घालवायचं. माझी साफ करायची एक ठरलेली पद्धत आहे. मी खालून वर जाते. आधी मान, मग हनुवटी, गाल, डोळे आणि सगळ्यांत शेवटी कपाळ. का, ते माहीत नाही. लादी पुसताना बाई दाराकडून सुरुवात करते की खिडकीकडून, तसंच हे. बावीस वर्षांत हा क्रम मी कधी मोडलेला नाही.

साफ करण्यात अजून एक गोष्ट येते. ती कुणी पाटीवर लिहीत नाही. बाई नवऱ्याच्या आधी गेली असेल तर घरचे सांगतात, कुंकू मोठं करा, ठसठशीत दिसू द्या. आणि नवरा आधी गेला असेल तर सांगतात, कुंकू काढा.

मैंदर्गीचे दोन भाऊ आले होते. आई गेलेली. फोटो चांगला होता, बाई मळ्यात उभी राहून हसत होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"ताई, तेवढं कुंकू काढा की," थोरला म्हणाला.

"का?"

"वडील आदी गेले न्हवं. ह्यो फोटू त्येच्या आदीचा हाय."

"मग राहू दे की. हसतायत किती छान."

"न्हाय न्हाय, तसं कसं चालंल? लोक काय म्हनतील?" धाकटा त्याला कानडीत काहीतरी म्हणाला. थोरल्यानं त्याला गप्प केलं.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "वडील जाताना आईचं कपाळ घेऊन गेले होते का?" दोघांनी माना खाली घातल्या. पाच मिनिटं मी त्यांना सुनावलं. बायकांना माणूस समजा, वगैरे. आणि मग काढलं. भांडायला पाच मिनिटं लागली, पुसायला एक. बाईचं हसू तसंच राहिलं, पण ती एकदम दुसऱ्याच कुणासारखी दिसायला लागली. मी प्रिंट दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

हे करताना आपण कुणीतरी वेगळ्या आहोत असं मला वाटायचं, ह्याची आज सगळ्यांत जास्त चीड येते. भांडते म्हणजे मी त्यांच्यातली नाही, असा माझा हिशेब होता. मी टिकली लावत नाही. लग्नात लावली नाही, सासूचा त्यावरून सहा महिने अबोला सहन केला. हळदीकुंकवाची आमंत्रणं मी उभ्याउभ्या परत करते. कुणी विचारलं की माझं भाषण तयार असतं, आणि ते भाषण ठोकताना माझा आवाज चढतो.

त्याचं कारण आई. मी अकरा वर्षांची असताना माझे वडील गेले. कचेरीत कारकून होते, सकाळी डबा घेऊन गेले आणि दुपारी त्यांना खांद्यावरून आणलं. नंतर बायकांनी आईला आतल्या खोलीत नेलं. मी दारात उभी होते. मला कुणी हाकललं नाही, बहुतेक कुणाला मी दिसलेच नाही. आई मान फिरवत होती. आत्यानं आणि काकूनं तिचे दोन हात धरले, शेजारच्या एका बाईनं हनुवटी धरली आणि चौथीनं ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. बांगड्यांचं मला काही आठवत नाही. पुसलेल्या कपाळाचा तेवढा भाग लाल झाला होता, घासल्यामुळं. तो आठवतो.

त्यानंतर आईनं कपाळाला काही लावलं नाही. साधी काळी टिकलीसुद्धा नाही. प्राथमिक शाळेत शिकवत राहिली, मला शिकवलं, पेन्शनीत निघाली, जुळे सोलापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन एकटी राहते. घरच्या लग्नात फोटो काढायला मीच असते, आणि फोटोची वेळ झाली की ती आपोआप बाजूला होते. मी म्हणते, "ये की गं." ती म्हणते, "तू काढ. मी बघते." आणि मी काढते! रांगा लावते, "काकू जरा आत सरका" म्हणून ओरडते, आणि माझी आई खुर्च्यांच्या मागं कुणाच्या तरी पर्स सांभाळत बसलेली असते. एवढी भांडखोर मी, पण तिचा हात धरून तिला मधोमध उभी केली नाही कधी. ती नाही म्हणते ना, मग तिचा मान राखायला नको का, असं स्वतःला सांगायचे. सोयीचं होतं ते.

त्या शिबिरानंतर महिनाभरानं, एका मंगळवारी दुपारी, आई रिक्षा करून स्टुडिओत आली. जांभळी इरकल नेसली होती. ती सहसा येत नाही, म्हणून मला वाटलं बरं नाही की काय.

"फोटो काढ माझा," ती म्हणाली. "भिंतीवरचा."

"म्हणजे?"

"म्हणजे नंतरचा. ऐनवेळी तुम्ही आधार कार्डावरचा मोठा कराल. त्यात मी चोरासारखी दिसते."

मी हसले. म्हटलं, चौऱ्याहत्तर म्हणजे काही वय नव्हे, पण काढू. दिवे लावायला लागले. ती आरशापाशी गेली, जिथं नवऱ्या मुली पावडर लावतात तिथं. पर्समधून टिकल्यांचं एक पाकीट काढलं. नवंकोरं, मरून रंगाच्या टिकल्यांचं. एक सोडवली आणि कपाळावर लावली. हात जरासुद्धा चाचपडला नाही.

"आई, हे काय?"

"टिकली."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"मला तसा फोटो हवाय."

आता मला आनंद व्हायला हवा होता. कुणाही शहाण्या मुलीला झाला असता. मला राग आला. असा राग आला की हातातली वायर मी आपटली. मी म्हटलं, "आयुष्यभर मी ह्याच्या विरुद्ध भांडले. तुझ्यासाठी भांडले. आणि तू मरताना सवाष्णीसारखी दिसायचं म्हणतेस? म्हणजे जिंकल्या की त्या चौघी!"

आई खुर्चीवर बसली. शाळेत वर्ग शांत होईपर्यंत थांबायची तशी थांबली.

"मी सहा वर्षांची असल्यापासून कुंकू लावत होते," ती म्हणाली. "शाळेत जाताना माझी आई लावून द्यायची. तुझे बाबा तेव्हा कुठं होते? त्यांनी आणलेलं नव्हतं ते. मग ते गेल्यावर त्यांच्याबरोबर कसं काय गेलं?"

"हेच तर मी म्हणते!"

"नाही. तू म्हणतेस कुणीच लावू नये. तू तुझ्या कपाळापुरती भांडलीस. माझ्या कपाळाला काय हवं ते कधी विचारलंस?"

"मग लावायची होतीस! कुणी अडवलं होतं?"

"आधी तुझे काका होते. मग शाळा होती. रिटायर झाल्यावर म्हटलं आता लावावी. पण तू चिडतेस की."

मी कॅमेरा उचलला. कॅमेरा तोंडासमोर धरला म्हणजे बोलावं लागत नाही, हा त्याचा मोठा उपयोग. मी आठदहा फोटो काढले. आईनं लेन्समध्ये सरळ बघितलं. मी सांगितलं म्हणून हसली नाही, मान तिरकी केली नाही. कॅमेऱ्यावर तिनं स्वतःच एक निवडला. "हा. ह्यात मी मी आहे," म्हणाली आणि रिक्षानं परत गेली.

दुपारीच मी तो फोटो करायला घेतला. मध्ये दोन पासपोर्टवाले येऊन गेले, एका बाईचा फोन आला, अल्बम कधी मिळणार म्हणून. मी फोनवर बोलत होते आणि हात चालत होता. बारा बाय पंधराची प्रिंट काढली, बारीक तपकिरी पट्टीची फ्रेम लावली, कागदात गुंडाळली आणि संध्याकाळी गडबडीत कॉम्प्युटरचं मशीन तसंच चालू ठेवून आईकडं गेले.

तिनं चष्मा लावला आणि फ्रेम मांडीवर घेतली. साडीचे काठ छान आलेत म्हणाली. मग तिनं काचेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. काचेवर काही लागलंय का बघत होती.

"टिकली कुठाय?" तिनं विचारलं.

मी वाकून बघितलं. कपाळ गुळगुळीत. एक डाग नाही, एक रेघ नाही. बावीस वर्षांचं माझं कसब त्या कपाळावर होतं.

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "तेव्हा चौघी लागल्या होत्या. तू एकटीनं केलंस."

मी माफी मागायला हवी होती. मी ओरडले. सवयीनं झालं म्हणाले, फोनवर होते म्हणाले. तूच अचानक येतेस, तुलाच सगळं घाईनं हवं असतं, हेही म्हणाले. एका मिनिटात परत लावून देते, त्यात एवढं काय, असंही म्हणाले. ती म्हणाली, "कॉम्प्युटरवर चिकटवलेली नको मला." फ्रेम तिनं परत कागदात गुंडाळली, सुतळी होती तशी बांधली आणि माझ्या हातात दिली. मी जिना उतरताना दार लावल्याचा आवाज आला, आणि मी खाली रस्त्यावर उभी राहून स्वतःला शिव्या दिल्या. शेजारी भेळवाला होता. त्यानं ऐकल्या.

सकाळी स्टुडिओत गेले तर मशीनवर फोटो तसाच उघडा होता. आमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी असते. तुम्ही काय काय केलंत त्याची सगळी यादी ती क्रमानं ठेवते. तिला हिस्टरी म्हणतात. मागं जायचं असलं की एकेक पायरी उलटी उतरायची. गिऱ्हाइकं शंभर वेळा मत बदलतात म्हणून मी माझ्या मशीनवर ती लांबलचक ठेवलेली आहे.

मी एकेक पायरी मागं गेले. उजेड कमी झाला. कपाळावरच्या रेघा परत आल्या. डोळ्यांखालची वर्तुळं आली. गालावरचे वांग आले, एकापाठोपाठ एक. हनुवटीवरची चामखीळ आली. टिकली अजून आली नव्हती. मला वाटलं, आता येईल. कपाळ मी शेवटी करते, म्हणजे ती सुरुवातीलाच यायला हवी होती, पण फोनमुळं क्रम चुकला असेल. मानेच्या सुरकुत्या आल्या. फोटो जरा तिरका होता, तो मी सरळ केला होता. तो परत तिरका झाला. यादीत एकच पायरी उरली.

ती मागं घेतली आणि टिकली आली.

म्हणजे मी फोटो उघडला, आणि सगळ्यांच्या आधी, मानेच्याही आधी, तो सरळ करण्याच्याही आधी, माझा पहिला ब्रश तिथं गेला होता. तेव्हा फोन आलेला नव्हता. गिऱ्हाईक नव्हतं. बावीस वर्षांचा क्रम मोडून माझा हात सरळ आईच्या कपाळावर गेला होता, मग समाधानानं खाली मानेवर आला आणि रोजच्या वाटेनं कामाला लागला. सवय बिवय काही नाही. मला ती टिकली नको होती. मला माझी आई माझ्या भाषणाला शोभेल अशी हवी होती, सोसलेली, पांढऱ्या कपाळाची, जिच्यासाठी भांडता येईल अशी. तिला टिकली आवडते हे कळल्यावर माझं भाषणच कोसळत होतं, म्हणून मी ते कपाळ साफ केलं. त्या चौघींना निदान वाटत होतं की रीत आहे. मला काय वाटत होतं? मला वाटत होतं मी पुरोगामी आहे.

पुण्याचे ते गृहस्थ खरं बोलले होते, ह्याचाही राग आला. पण ध्यान वगैरे काही झालं नाही मला. शांत वाटलं नाही, प्रकाश पडला नाही. दोन हात टेबलावर ठेवून मी बसून राहिले आणि मला स्वतःची किळस आली. आपल्या आत कोण आहे ते मला दिसलं होतं. आत ओलं फडकं घेतलेली एक बाई होती.

त्या मूळ फोटोला मी हात लावला नाही. तिरका होता तो तिरकाच ठेवला. तशीच प्रिंट काढली, त्याच फ्रेममध्ये घातली आणि दुपारी आईकडं नेली. तिनं दार उघडलं, फ्रेम घेतली. बघितली.

"ती चामखीळ तेवढी काढायची होतीस की," ती म्हणाली. "आणि वाकडा का गं हा?"

मला हसू आलं नाही. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. क्रम, पट्टी, पायऱ्या, सगळं. "चुकून नाही झालं, आई. सगळ्यांत आधी तीच पुसली मी."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे. आजवर प्रत्येक गोष्टीला तिनं जाऊ दे म्हटलं होतं. पण तिचा चेहरा तापला. माझ्या आठवणीत आई माझ्यावर अशी पहिल्यांदाच चिडली.

"तुला काय वाटतं, राग फक्त तुलाच येतो?" ती म्हणाली. आवाज शाळेतला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "अडतीस वर्षं मी माझा राग गिळलाय. आणि तू तो घेऊन गावभर मिरवतेस, माझ्या नावानं! तुझा तू ठेव. माझा मला दे."

ती आत गेली आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. माझ्या हातात दिलं. खुर्ची खिडकीकडं ओढून बसली.

"लाव," म्हणाली.

रोज मी लोकांची कपाळं बघते. कुणाचं कपाळ मधोमध कुठं येतं ते मला मोजायला लागत नाही. पण आईच्या कपाळाला मी कधी बोट लावलं नव्हतं. कातडी पातळ होती आणि गार. पहिली टिकली बोटावरून निसटून खाली पडली. दुसरी लावली. ती डावीकडं गेली, चांगलीच डावीकडं.

आई उठली, कपाटाच्या आरशात बघितलं.

"वाकडी लागलीय," मी म्हटलं, आणि सरळ करायला हात पुढं केला.

तिनं माझं मनगट हवेतच धरलं. चांगलं घट्ट धरलं.

"आता हात लावू नकोस," ती म्हणाली.